इंटरनेटचा मालक कोण, आणि आपल्या वऱ्हाडातला 'ऱ्ह' तिथे कसा पोचला

प्रश्न असा आलाय की "इंटरनेट शेवटी अमेरिकेच्याच हातात आहे ना, मग ते सरळ युनोकडे का देत नाहीत, आणि या सगळ्यात भारताचं सोडा, आपल्यासारख्या साध्या माणसाचं कुणी ऐकतं का?" मी पुण्यात डीएनएस (डोमेन नावांवरून कॉम्प्युटरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) आणि राउटिंगच्या कामात 19 वर्षं आहे, यातल्या काही बैठकांना स्वतः बसलोय, काही रात्री जागून ऑनलाइन ऐकल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. शेवटच्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: ऐकतात, पण तिथे जाऊन बसलेल्या माणसाचं ऐकतात. हे तुम्हाला आपल्याच मराठी अक्षरांचं उदाहरण घेऊन दाखवतो, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

पहिलं म्हणजे "इंटरनेट चालवणं" ही एकच गोष्ट नाहीये. जिल्ह्यात दंगल झाली आणि नेट बंद झालं तर तो राज्याच्या गृहखात्याचा आदेश असतो. एखादी पोस्ट काढली गेली तर तो कंपनी, कोर्ट, केंद्र सरकार यांच्यातला मामला. जागतिक पातळीवर जे खरोखर एकत्र सांभाळावं लागतं ते फार थोडं आहे, नावं, नंबर आणि नियम. नावं म्हणजे डोमेन, नंबर म्हणजे आयपी ॲड्रेस (नेटवरच्या कॉम्प्युटरचा आकड्यांतला पत्ता) आणि एएस नंबर (मोठ्या नेटवर्कचा ओळख नंबर), आणि नियम म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतील ते प्रोटोकॉल. या तिन्ही गोष्टी जगभर एकच असाव्या लागतात, नाहीतर मी टाइप केलेला पत्ता मला एकीकडे नेणार आणि तुम्हाला दुसरीकडे.

आता अमेरिकेचं बघू, कारण तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. सुरुवातीला ही नावं-नंबरांची यादी जॉन पोस्टेल नावाचा एक माणूस कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात बसून सांभाळायचा, अक्षरशः एक माणूस आणि त्याचे मोजके सहकारी. इंटरनेट धंद्यात आल्यावर ते असं चालणं शक्य नव्हतं म्हणून 1998 च्या सप्टेंबरमध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था काढली, आणि पुढच्याच महिन्यात पोस्टेल गेले. आयकॅन काम करायची पण अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी झालेल्या करारावर, म्हणजे जगाच्या डोमेन यादीत कुठलाही बदल झाला की अमेरिकन सरकारचा एक अधिकारी त्याच्यावर मान हलवणार आणि मगच तो रूट झोनमध्ये, म्हणजे त्या सगळ्यात वरच्या मूळ यादीत, जाणार. हे अनेक देशांना खुपत होतं, आणि 2013 मध्ये स्नोडेनने अमेरिकन सरकारच्या हेरगिरीची कागदपत्रं बाहेर काढल्यावर तर फारच खुपायला लागलं. मार्च 2014 मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की आम्ही हा करार सोडतो, मुख्य अट अशी की ही भूमिका दुसऱ्या कुठल्या सरकारकडे किंवा सरकारांच्या संस्थेकडे जाता कामा नये. त्यानंतर अडीच वर्षं जगभरच्या लोकांनी मिळून नवी व्यवस्था लिहिली, शेवटच्या क्षणी अमेरिकेतली चार राज्यं टेक्सासच्या कोर्टात गेली, कोर्टाने स्थगिती दिली नाही, आणि 1 ऑक्टोबर 2016 पासून तो करार संपला. म्हणजे आज अमेरिकन सरकारची ती सही राहिलेली नाही. आयकॅन मात्र अजून कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली आहे, रूट झोनची फाइल प्रत्यक्ष तयार करायचं काम व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी करते, आणि रूट सर्व्हर (ही यादी जगाला पुरवणारे कॉम्प्युटर) चालवणाऱ्या 12 संस्थांपैकी बहुतेक अमेरिकन आहेत, त्यात नासा आणि अमेरिकन लष्करसुद्धा. त्यामुळे "अमेरिकेचा काही संबंध नाही" असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडते ती सांगतो. रूट झोनवर डिजिटल सही करायची जी किल्ली आहे ती अमेरिकेत दोन ठिकाणी तिजोऱ्यांमध्ये ठेवलेली असते, एक कॅलिफोर्नियात आणि एक व्हर्जिनियात, आणि वर्षातून साधारण चार वेळा तिथे एक विधी होतो ज्याला वेगवेगळ्या देशांतले निवडलेले लोक आपापली चावी घेऊन जातात. सात जणांपैकी किमान तीन हजर नसतील तर किल्ली चालूच होत नाही. सगळं कॅमेऱ्यासमोर, कुणीही घरबसल्या बघावं. फेब्रुवारी 2020 मध्ये तिजोरीचं कुलूपच उघडेना, शेवटी ड्रिल लावून उघडावी लागली आणि विधी काही दिवस पुढे ढकलला, आणि ही गोष्ट लपवली नाही, जाहीर करून सांगितली. मी ज्या ज्या ऑफिसांत काम केलंय तिथे अशी फजिती झाली असती तर कुणाला कळूही दिली नसती. विश्वास असा बसतो.

आता युनो. इथे मत द्यायच्या आधी भारताचा प्रवास बघा, फार बोलका आहे. 2011 मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला होता की इंटरनेटच्या धोरणासाठी 50 देशांची एक समिती करा. म्हणजे सरकारं बसतील, ठरवतील, बाकीच्यांनी सल्ला द्यावा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2012 ला, दुबईत आयटीयूची परिषद झाली (आयटीयू म्हणजे टेलिकॉमचे आंतरराष्ट्रीय नियम करणारी युनोची संस्था) आणि तिथल्या नव्या करारात इंटरनेट ओढून घ्यायचा प्रयत्न झाला. 89 देशांनी तिथे सह्या केल्या, अमेरिका-युरोपने नाही केल्या, आणि भारतानेही नाही केली. मग जून 2015 मध्ये ब्यूनस आयर्सच्या आयकॅन बैठकीत तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी व्हिडिओ संदेशातून सांगितलं की भारत मल्टीस्टेकहोल्डर पद्धतीच्या बाजूने आहे. चार वर्षांत भूमिका एवढी बदलली, आणि ती बदलायला देशातल्या इंजिनिअर लोकांनी, कंपन्यांनी, नागरी संघटनांनी केलेली ओरड बऱ्यापैकी कारणीभूत होती असं माझं मत आहे.

मल्टीस्टेकहोल्डर हा शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. टेबलाभोवती सरकार एकटं नाही, कंपन्या आहेत, तांत्रिक लोक आहेत, विद्यापीठं आहेत, सामान्य वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, आणि सरकारही आहेच. गावच्या पाणी वाटपाची बैठक आठवा, तलाठी असतो, पण कालव्याच्या शेपटाला ज्याचं शेत आहे तो बोलल्याशिवाय बैठक पूर्ण होत नाही, कारण पाणी पोचलं की नाही हे त्यालाच माहीत असतं.

युनोकडे का देऊ नये याचं मला पटलेलं सगळ्यात ठोस उदाहरण 2022 चं आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चारच दिवसांनी, 28 फेब्रुवारीला, युक्रेनचे उपपंतप्रधान फेदोरोव यांनी आयकॅनला पत्र लिहिलं की रशियाची डॉट आरयू आणि तसली डोमेन रद्द करा, रशियातले रूट सर्व्हर बंद करा. तिकडे युरोपच्या आयपी रजिस्ट्रीलाही, म्हणजे राइप एनसीसीला, रशियाचे आयपी ॲड्रेस काढून घ्या म्हणून सांगितलं. भावना समजू शकते, माणसं मरत होती. दोनच दिवसांत आयकॅनचे प्रमुख योरान मार्बी यांनी उत्तर दिलं की आम्हाला तुमचं दुःख कळतंय पण आम्ही हे करणार नाही, आमचं काम यंत्रणा चालू ठेवणं आहे, एखाद्या देशाला एकतर्फी तोडायला ती बनवलेलीच नाही. राइपनेही नाही म्हटलं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर खूप भांडणं झाली, मी मात्र तेव्हाही याच मताचा होतो की हे बरोबर आहे. आज डॉट आरयू काढलं तर उद्या कुणाच्या तरी दबावाखाली डॉट इन काढायला रस्ता मोकळा होतो, आणि हाच निर्णय सरकारांच्या मतदानावर असता तर तो त्या दिवशीच्या दोस्ती-दुश्मनीवर ठरला असता.

याचा अर्थ सरकारांना तिथे दात नाहीत असं नाही. आयकॅनमध्ये सरकारांची एक सल्लागार समिती आहे, सगळे तिला गॅक म्हणतात, आणि तिने एकमताने दिलेला सल्ला धुडकावायचा असेल तर आयकॅनच्या बोर्डाला 60 टक्के मतं लागतात. 2012 ला नवी टॉप लेव्हल डोमेन (पत्त्यातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग, डॉट कॉम, डॉट इन तसा) वाटायला काढली तेव्हा 1,930 अर्ज आले, फी एका अर्जाला 1,85,000 डॉलर. त्यात क्रायस्लर कंपनीने आपल्या ट्रकच्या ब्रँडसाठी डॉट रॅम मागितलं, रोमनमध्ये लिहिलं की तेच 'राम' होतं, भारत सरकारने त्यावर हरकत घेतली आणि ती गॅकच्या 2013 च्या डर्बनच्या जाहीर निवेदनात नोंदलेली आहे. डॉट ॲमेझॉनचं भांडण तर नदीकाठचे देश आणि कंपनी यांच्यात सात-आठ वर्षं चाललं, ब्राझील आणि पेरू म्हणत होते हे आमच्या नदीचं, आमच्या लोकांचं नाव आहे, शेवटी 2020 मध्ये ते कंपनीलाच मिळालं. मला ते आवडलेलं नाही. जंगलात राहणाऱ्या माणसाकडे वकील लावायला पैसे नसतात, कंपनीकडे असतात, आणि या पद्धतीची खरी दुखरी नस हीच आहे.

उलट बाजूचंही एक सांगतो म्हणजे तोल कळेल. नोव्हेंबर 2019 ला बातमी आली की डॉट ओआरजी चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक फर्मला 1.135 अब्ज डॉलरला विकली जाणार. जगभरच्या सेवाभावी संस्था डॉट ओआरजीवर आहेत, आपल्याकडच्या कितीतरी, त्यांच्या नूतनीकरणाची फी एका फर्मच्या नफ्यावर ठरणार होती. मोठा विरोध झाला, पत्रं, निदर्शनं, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचंही पत्र आलं, आणि 30 एप्रिल 2020 ला आयकॅन बोर्डाने परवानगी नाकारली. म्हणजे ओरडल्याने फरक पडतो, फक्त वेळेत आणि योग्य दाराशी ओरडावं लागतं.

नंबर आणि प्रोटोकॉलचं थोडक्यात उरकतो. आयपी ॲड्रेस आपल्या भागात एपनिक वाटते, ब्रिस्बेनला आहे, आणि तिच्या हाताखाली भारतात निक्सी या संस्थेची आयरिन ही रजिस्ट्री. जुने आयपीव्ही4 ॲड्रेस संपत आलेत म्हणून 2019 पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त 512 मिळतात, आणि हा आकडा कुठल्या मंत्र्याने ठरवलेला नाही, सभासदांनीच चर्चा करून ठरवलाय, तालुक्याच्या गावी छोटी आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) काढणाऱ्या पोराला तो आवडो न आवडो. प्रोटोकॉल आयईटीएफ ही इंजिनिअर लोकांची खुली संघटना लिहिते, तिथे सभासदत्वच नाही, मतदानही नाही. खोलीतल्या लोकांचा कल बघायला चक्क गुणगुणायला सांगतात, ज्या बाजूची गुणगुण मोठी तिकडे कल, आणि तरीही एखाद्या एकट्या माणसाचा तांत्रिक आक्षेप खरा असेल तर त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं, नंतर कळलं की हात वर करून मोजणी केली असती तर ज्या कंपनीने जास्त माणसं पाठवली ती जिंकली असती.

आता आपल्या अक्षरांची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो.

डोमेन नावं आधी फक्त इंग्रजी अक्षरांत होती. देवनागरी आणायची म्हटली की पहिला प्रश्न, कुठली अक्षरं चालतील? हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण डोमेन नाव म्हणजे पत्ता, आणि दोन पत्ते डोळ्यांना सारखे दिसले की फसवणुकीला दार उघडलं. गुरुमुखीतला ठ आणि आपला ठ बघा, फरक सांगता येणार नाही. गुरुमुखीतला स घाईत बघितला तर आपला म वाटतो. मग कुणीतरी बँकेच्या नावात एक अक्षर परक्या लिपीतलं घालून लोकांना लुटणार. म्हणून आयकॅनने प्रत्येक लिपीसाठी ती लिपी वापरणाऱ्यांचीच समिती बसवली. भारतातल्या नऊ लिप्यांसाठी जी समिती झाली तिचं नाव निओ-ब्राह्मी जनरेशन पॅनेल, आणि तिच्या सह-अध्यक्षांपैकी एक होते आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे महेश कुलकर्णी.

आणि इथे मराठीचा प्रश्न आला. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यातला फरक आपल्याला शाळेत शिकवतात, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी. 'दर्या' वेगळा, 'दऱ्या' वेगळ्या. हा जो पापणीसारखा अर्धा र आहे तो हिंदीत लागत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्याच्या यादीत तो येणारच नाही. तो कॉम्प्युटरवर लिहायच्या दोन वाटा आहेत, एक म्हणजे साध्या र चा पाय मोडून त्याच्यामागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह टाकायचं, दुसरी म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. रूट झोनमध्ये अदृश्य चिन्हांना सरसकट बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, जे डोळ्यांना दिसतच नाही ते पत्त्यात कसं चालेल? म्हणजे पहिली वाट बंद. दुसरी वाट उघडी ठेवायची तर कुणीतरी त्या बैठकीत बसून सांगायला हवं होतं की बाबांनो, हा टिंबवाला ऱ आम्हाला पाहिजे, कोकणीला पाहिजे, नेपाळीतही हा पापणीचा र आहे, आणि हा नसेल तर वऱ्हाड लिहिता येणार नाही, कऱ्हाड लिहिता येणार नाही, बिऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा काही लिहिता येणार नाही.

ते सांगितलं गेलं. देवनागरीचे नियम 2019 मध्ये रूट झोनच्या नियमांत सामील झाले, त्यात ऱ आहे, सुटा येऊ दिलेला नाही, पाय मोडून पुढच्या अक्षराला जोडलेला असेल तरच चालतो, म्हणजे आपल्याला लागतो तसाच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता, घरी बायकोला उठवून सांगितलं. सांगायला कुणी नसतं तर कुणी मुद्दाम अन्याय केला नसता, नुसतं राहून गेलं असतं, आणि राहून गेलेली गोष्ट नंतर घालायला किती वर्षं जातात ते युनिकोडच्या (कॉम्प्युटरसाठी जगातल्या सगळ्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या) बाबतीत आपण बघितलंय. ॲप, ॲसिड यातला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला 2008 ला. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते, आजही निम्मे तसंच टाइप करतात, आणि त्यामुळे एकच शब्द दोन प्रकारे साठवला जातो आणि शोधताना सापडत नाही.

पण नियमात आलं म्हणजे वापरात आलं असं नाही. डॉट भारत देवनागरीत 27 ऑगस्ट 2014 ला सुरू झालं, मराठी आणि कोकणी धरून आठ भाषांसाठी. मी हौसेने मराठीत डोमेन घेतलं, त्याच्यावर मराठी ईमेल पत्ता केला, आणि एका मोठ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये टाकला तर लाल अक्षरांत "पत्ता चुकीचा आहे" असं आलं. पत्ता चुकीचा नव्हता, फॉर्म लिहिणाऱ्याने इंग्रजी अक्षरंच तपासली होती. देवनागरी ईमेलचं स्टँडर्ड 2012 पासून तयार आहे हो! कित्येक ठिकाणी तर ब्राउझरच्या पट्टीत मराठी नावाऐवजी एक्स-एन आणि दोन डॅशने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची माळ दिसते, ते आतलं रूप आहे, पण आजीने ते बघितलं तर ती व्हायरस समजून फोन ठेवून देईल. हे दुरुस्त करण्याच्या कामाला युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स म्हणतात, दर वर्षी मार्चमध्ये त्याचा दिवस पाळतात, 2023 पासून. पण हे काम जिनिव्हात किंवा लॉस एंजेलिसमध्ये होणारच नाहीये, ते हिंजवडीत आणि ऐरोलीत फॉर्म लिहिणाऱ्या आपल्याच पोरापोरींच्या हातात आहे.

मग तुम्ही नक्की काय करू शकता? आयकॅनचा कुठलाही धोरणाचा मसुदा लोकांच्या मतासाठी साधारण 40 दिवस खुला असतो, कुणीही लिहू शकतं, आयडी कार्ड मागत नाहीत. बैठका वर्षातून तीन, ऑनलाइन फुकट. नोव्हेंबर 2016 ला हैदराबादला बैठक होती, अमेरिकेचा करार संपल्यानंतरची पहिली, तेव्हा मी गेलो होतो. बैठक संपायच्या आदल्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी आफ्रिकेतून, लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक हातात 500 च्या नोटा घेऊन टॅक्सी शोधत होते, आम्ही काही जणांनी मिळून त्यांची सोय केली. त्या दोन दिवसांत झालेल्या ओळखी मला आजही कामाला येतात, कारण हे सगळं शेवटी माणसं एकमेकांना ओळखण्यावर चालतं. विद्यार्थी असाल तर आयकॅनची फेलोशिप आहे, प्रवासाचा खर्च देतात. इंजिनिअर असाल तर आयईटीएफच्या एखाद्या वर्किंग ग्रुपच्या मेल वाचायला लागा, पहिले सहा महिने काहीही कळणार नाही, घाबरू नका, मलाही कळलं नव्हतं.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. सगळं इंग्रजीत, तेही आखूडनावांनी भरलेलं इंग्रजी. वेळा बऱ्याचदा आपल्या मध्यरात्रीच्या. मोठ्या कंपन्यांची माणसं पगार घेऊन हेच काम करतात आणि आपण रजा टाकून. एवढ्या मोठ्या देशातून तिथे सातत्याने बोलणारे लोक फार थोडे आहेत, आणि त्यात मराठी बोलणारे तर मला बोटांवर मोजता येतात. नव्या टॉप लेव्हल डोमेनची पुढची फेरी 2026 ची आहे, फी 2,27,000 डॉलर. कुणी मराठी संस्था एवढे पैसे भरून डॉट मराठी मागेल असं मला आज तरी दिसत नाही, पण दुसरं कुणी आपलं एखादं नाव मागितलंच तर अर्जांची यादी जाहीर होते आणि हरकत घ्यायला मुदत असते. ती यादी मी वाचणार आहे. तुम्हाला बरोबर बसून वाचायची असेल तर कळवा, दोघांनी वाचली तर नजरेतून काही सुटायची शक्यता कमी.